जॅकलिन एकटीच येते

बोरीवलीला येईपर्यंतच्या अकरा वर्षांत जॅकलिनने पोरीला घेऊन क्वचितच एखादी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, शेवटपर्यंत ऐकली होती. प्रवचन सुरू व्हायच्या आत ती बाहेर, स्कूटरी लावतात तिथे, एका हाताने पोरीचं मनगट घट्ट धरून. स्पीकरवर येईल तेवढं ऐकायचं आणि आशीर्वादाच्या आधी रिक्षा गाठायची. कारण मिस्सा सुटली की माणसं बाहेर येणार आणि विचारणार, "कशी आहे गं आता किम्बर्ली?" अरे, कशी असणार! होती तशीच आहे. फक्त उंची वाढली.

किम्बर्ली ही तिची एकुलती एक मुलगी, आता एकोणीस वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला बोलता येत नाही. चालते, हसते, आपल्या हाताने भात जेवते, जिन्यात आईची पावलं वाजली की ओळखते. दुखलंखुपलं तर ती गप्प होते, आणि आनंद झाला की ओरडते. जगाला नेमकं उलटं वाटायचं. आणि आनंद तरी कशाचा व्हावा? शांततेचा! भरलेलं चर्च एकदम चिडीचूप झालं की तिला वाटायचं, घ्या, आता आपली पाळी. फादरांनी पवित्र भाकर वर उचलली, छोटी घंटा वाजली, पाचशे माणसांनी माना खाली घातल्या, की किम्बर्लीने आरोळी ठोकलीच. गिरणीचा भोंगा परवडला.

अंधेरीच्या गावठाणात त्यांचं जुनं घर होतं, जॅकलिनच्या नवऱ्याच्या, फ्लॉयडच्या आजोबांनी बांधलेलं. चर्च पाच मिनिटांवर आणि चर्चमध्ये सगळी नात्यातलीच माणसं. नात्यातली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, म्हणून तर जास्त लागतं. फ्लॉयडची थोरली बहीण एकदा म्हणाली, "जॅकी, मागे तान्ह्या मुलांसाठी काचेची खोली केलीय ना, तिथे बस की. सगळं दिसतं तिथून." किम्बर्ली तेव्हा आठ वर्षांची. बसल्या तिथे. किम्बर्लीने एका बाळाचं टोपडं काढून स्वतःच्या डोक्यावर घातलं, एवढाच गुन्हा. बाळाची आई उठली ती थेट फादरांकडे. फादर भले माणूस. घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "आजारी माणसांना आम्ही घरी कम्युनियनची भाकर आणून देतो. तिला तिकडे आणलंच पाहिजे असं नाही."

"ती आजारी नाहीये, फादर," फ्लॉयड म्हणाला.

फादरांनी मान हलवली. कप बशीत ठेवला आणि पावसाबद्दल काहीतरी बोलले.

फ्लॉयड होता तोवर दोघांनी पाळ्या लावल्या. एका रविवारी तो बाहेर उभा, एका रविवारी ती. चार वर्षांपूर्वी तो कामावरच कोसळला आणि गेला. मग पाळी कसली, सगळे रविवार तिचेच.

वर्सोव्याला जाऊन पाहिलं. तिथे खरंच बरं होतं. कोळी माणसं खुल्या गळ्याने गाणारी, खुल्या गळ्याने भांडणारी, त्यात एक आरोळी खपून जायची. एक म्हातारी तर किम्बर्ली ओरडली की मोठ्याने 'आमेन' म्हणायची. तीन महिने झकास गेले. मग एका लग्नाच्या मिस्सेत किम्बर्ली हात सोडवून धावली आणि नवरीच्या पांढऱ्या झग्याचा जो लांबलचक घोळ मागे पसरला होता, त्याच्यावर मांडी घालून बसली. नवरी चालत होती. ती पाठीवर आपटली. आता त्या पोरीचा आयुष्यातला एक दिवस, तिचं तरी काय चुकलं? जॅकलिनने शंभर वेळा माफी मागितली आणि पुन्हा कधी तिकडे फिरकली नाही. कुणी येऊ नकोस म्हटलं नव्हतं, हे ती स्वतःच सांगते.

मग विक्रोळीचा प्रकार. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गाळ्यात प्रार्थनासभा भरायची. चालवणारे ब्रदर विद्याधर, मूळचे सावंतवाडीकडचे. बोलणं गोड. "घाबरू नको गो बाय, माझो प्रभू मोठो आसा," म्हणाले. आणि डोक्यावर हात ठेवल्यावर म्हणाले, हा आवाज पोरीचा नाही, दुसऱ्याच कुणाचा आहे. चौघांनी किम्बर्लीला धरलं. ढोल, माईक, शंभर माणसांचा गलका. 'नीघ, नीघ' म्हणत ते तिला हलवत राहिले, आणि थोड्या वेळाने किम्बर्ली गप्प झाली. काय टाळ्या पडल्या म्हणता! निघाला, निघाला म्हणून बायका रडायला लागल्या. ती गप्प होते म्हणजे काय होतं, हे त्या अख्ख्या गाळ्यात एका जॅकलिनलाच माहीत होतं, आणि ती हात जोडून उभी राहिली. घरी येऊन बघते तर दंडांवर बोटं उमटलेली आणि पुढचा दात हलत होता.

त्यानंतर दोन वर्षं चर्च नाही. देव घरात होता, भिंतीवर, दिव्यासकट. पण माणसं नव्हती. जॅकलिनला हवी होती माणसं. जिच्याशी तिखटाबद्दल वाद घालता येईल अशी एखादी बाई, नाव घेऊन हाक मारणारं कुणी. किम्बर्लीची आई म्हणून नव्हे, जॅकलिन म्हणून.

गावठाणातलं घर पाडून इमारत व्हायची होती, म्हणून मायलेकी बोरीवलीला भाड्याच्या दोन खोल्यांत आल्या. शेजारी शुभाताई राहायच्या, निवृत्त शिक्षिका, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. एक दिवस आपण होऊनच म्हणाल्या, "रविवारी जाऊन या की तुमच्या देवळात. मी बसते हिच्यापाशी. आमच्या टीव्हीपेक्षा ही पोर बरी." जॅकलिनला खरंच वाटेना. पण गेली. सकाळी सातची मराठी मिस्सा, साठ-सत्तर माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. ती आशीर्वादापर्यंत बसली. उठताना आपले दोन्ही हात कुठे ठेवायचे तेच तिला कळेना, इतकी वर्षं त्यातला एक कायम गुंतलेला असायचा.

बाहेर मांडवात चहा होता. एक गोरटेली, ठेंगणी बाई कप घेऊन समोर आली. "नवीन दिसतेस. मी क्लॅरिस. मिस्सेत बायबलची वाचनं कोणी करायची ते मी ठरवते, त्यामुळे माझ्याशी नीट राहायचं. कुठली तू? अंधेरीची? मग घरी कोण कोण?"

"मी एकटीच," जॅकलिन म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. ठरवून काही नाही हो, देवाशप्पथ. फक्त ती दयेची नजर आज नको होती, एक दिवस नको होती. चेहरा पडणार, डोकं एका बाजूला कलणार, 'देव ज्याला झेपतं त्यालाच देतो गं' येणार. पुढच्या रविवारी खरं सांगू, तिने ठरवलं. पुढच्या रविवारी क्लॅरिसने तिच्या ड्रेसच्या रंगाची टर उडवली, आणि कोणीतरी आपली टर उडवतंय याचं तिला इतकं बरं वाटलं की सांगायचं राहून गेलं. त्याच्या पुढच्या रविवारी फ्लॉयड गेल्याचं तेवढं सांगितलं, पोरीचं सांगायला जास्त कठीण झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिला वाचन मिळालं. जॅकलिनचा आवाज भरदार, स्वच्छ, शब्दन् शब्द मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्या मिस्सेतले सगळ्यांत जाणते म्हणजे बॅप्टिस्टकाका, ऐंशीला टेकलेले. ते म्हणायचे, जॅकलिन वाचते त्या दिवशी मी कानातलं यंत्र घरी ठेवून येतो. वाढदिवसाला बायकांनी तिच्यासाठी केक आणला. फ्लॉयड गेल्यापासून तिच्या नावाचा केक कुणी कापला नव्हता. तिने आपला वाटा तिथेच संपवला. घरी तुकडा न्यायचा तर कुणासाठी म्हणून सांगायचं?

जूनमध्ये शुभाताई पुण्याला लेकीकडे कायमच्या गेल्या. आता काय? रात्री किम्बर्लीला झोप यायची नाही, म्हणून डॉक्टरांनी एक गोडसर औषध दिलेलं होतं. रात्रीसाठी दिलेलं. ते जॅकलिनने रविवारी सकाळी सहाला पाजलं, पोरीला आतल्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी घातली. दीड तासाचाच तर प्रश्न. पहिल्या रविवारी ती धावत घरी आली. किम्बर्ली झोपलेली होती, श्वास चालू होता. दुसऱ्या रविवारी ती चालत आली. तिसऱ्या रविवारी ती चहाला थांबली.

आणि मग आला ऑक्टोबर, रोझरीचा, जपमाळेचा महिना. आपल्याकडे रीतच आहे, मरियामातेची मूर्ती महिनाभर घरोघर फिरते. रोज संध्याकाळी एका घरातून उठून दुसऱ्या घरी, सगळी माणसं तिच्यामागे, त्या घरी रोझरी म्हणायची, चणे खायचे, गप्पा मारायच्या. क्लॅरिसने यादी केली आणि चौदा तारखेसमोर जॅकलिनचं नाव घातलं. विचारायचं कशाला? आपल्यातलीच ती!

घरी रंगकाम चाललंय, जॅकलिनने सांगून पाहिलं. "मरियामातेला रंगाचा वास चालतो गं," क्लॅरिस म्हणाली. मग तिने नणंदेला फोन केला, एका संध्याकाळपुरती किम्बर्लीला ठेव म्हणून. "तू कशी सांभाळतेस तुझं तुलाच ठाऊक. माझे गुडघे बघ ना," नणंद म्हणाली. संपलं. जगात तिसरं दार नव्हतं.

खरं सांगून मोकळं व्हायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. अहो, जावे त्याच्या वंशा. पोर आहे एवढंच सांगायचं असतं तर तिने सांगितलंही असतं. पण आता सांगायचं होतं ते असं, की पोर आहे, आणि दर रविवारी मी तिला औषध पाजून कोंडून तुमच्याकडे चहा प्यायला येते.

चौदा तारखेला तिने दुपारपासून चणे शिजवले, खोबऱ्याचे तुकडे केले, टेबलावर विणलेला पांढरा रुमाल घातला. किम्बर्लीच्या चपला, तिची थाळी, भिंतीवरचा फ्लॉयडच्या कडेवरचा तिचा फोटो, सगळं आतल्या खोलीत गेलं. साडेसहाला औषध पाजलं आणि कडी घातली. सातला बावीस माणसं मूर्ती घेऊन आली. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा बाया जमिनीवरच बसल्या. मेणबत्त्या लागल्या. कुणीतरी म्हणालं, "किती छान ठेवलंयस गं घर, एकटी असून."

बॅप्टिस्टकाकांनी रोझरी सुरू केली. नमो मरिये, नमो मरिये, एका लयीत सगळे. जॅकलिन गुडघ्यांवर होती, आतल्या दारापासून तीन पावलांवर. दहा झाले, वीस झाले, तीस झाले, आत सामसूम. तिचा श्वास जरा खाली बसला. तेवढ्यात बॅप्टिस्टकाका म्हणाले, "या घरचे फ्लॉयड, त्यांच्या आत्म्यासाठी क्षणभर शांत राहू या."

बावीस माणसं शांत झाली. खोली चिडीचूप.

आणि आतून किम्बर्लीची आरोळी आली.

दर आठवड्याला पिऊन पिऊन औषध अंगात मुरलं असणार, दुसरं काय. ती जागी होती, कान देऊन बसली होती, आणि इतक्या वर्षांनी अखेर तिच्यासाठी शांतता झाली होती. तिने पुन्हा आरोळी दिली. मग दारावर हातांनी ठेका धरला. आनंदाने वेडी झाली होती पोरगी! घरात मिस्सा आली होती, माणसं आली होती.

एकानेही डोळे उघडले नाहीत. कुणाची मान वळली नाही. बॅप्टिस्टकाकांनी फक्त पुढची नमो मरिये जरा वरच्या पट्टीत सुरू केली. सगळ्यांनी तीच पट्टी धरली. दार वाजत राहिलं तसा आवाज चढत गेला. रोझरी संपली, मरियामातेच्या विनवण्यांची लितानी लागली, आम्हांसाठी विनंती कर, आम्हांसाठी विनंती कर, दोन शब्दांत सुईइतकी फट राहू दिली नाही कुणी. तीन पावलं. उठायचं आणि कडी काढायची, एवढंच काम होतं. जॅकलिनचे गुडघे हलले नाहीत. उलट, लाज वाटते सांगायला, तिनेही आवाज चढवला. त्या खोलीत सगळ्यांत वर तिचाच आवाज होता.

कधीतरी दार वाजायचं थांबलं.

मग चणे खाल्ले सगळ्यांनी. मीठ बरोबर पडलंय म्हणाले. दोघींनी खोबरं मागून घेतलं. मूर्ती उचलली, गात गात जिना उतरले. क्लॅरिस मात्र रेंगाळली. पायात चपला सरकवत, जॅकलिनकडे न बघता म्हणाली, "तुमच्या इमारतीचा वॉचमन बोलला होता मला. जुलैमध्येच."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, जॅकी."

"मग विचारलं का नाहीस?"

क्लॅरिसने चपलेचा पट्टा लावला, सरळ उभी राहिली. "विचारलं असतं तर तू आणली असतीस तिला." वाईटपणा नव्हता तिच्या आवाजात, हीच तर रड आहे. "सातची मिस्सा म्हाताऱ्यांची गं. त्यांना शांतता लागते. तू समजून घेतलंस, आम्ही समजून घेतलं. रविवारी पहिलं वाचन तुझं आहे, विसरू नकोस." तिने जॅकलिनचा दंड थोपटला आणि गेली.

जॅकलिनने कडी काढली. किम्बर्ली दारामागे उभी नव्हती. पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि कपाटाच्या मधे जमिनीवर बसली होती. झगा ओला झाला होता. तळहात लाल. जॅकलिनने बोलावलं, "ये बाळा, गेले सगळे, ये." ती आली नाही. चण्यांची वाटी आणली. चणे म्हणजे तिचा जीव. तिने वाटीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. जॅकलिन तिथेच फरशीवर बसली आणि मोठमोठ्याने रडली. आईला रडताना बघून एरवी किम्बर्ली तिचे डोळे पुसायची, पार झोंबतील इतके जोरात पुसायची. त्या दिवशी ती भिंतीकडे बघत राहिली.

तो आठवडाभर ती ओरडली नाही. सोमवारी नाही, गुरुवारी नाही. जिन्यात आईची पावलं वाजली तरी दाराशी आली नाही. जेवायला दिलं तेवढं जेवली. दोनदा जॅकलिनने फोन उचलला, क्लॅरिसला चार शब्द सुनवावे म्हणून. काय सुनवणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोरीला कोंडलं कुणी, क्लॅरिसने? शनिवारी रात्री तिने ठरवलं, उद्या दोघींनी जायचं. पहिल्या बाकावर बसायचं. ओरडू दे तिला, पडू दे चर्च. तिने किम्बर्लीचा निळा फ्रॉक इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

रविवारी पावणेसहाला ती उठली. आंघोळ करून आली, चर्चला जायचा ड्रेस काढला आणि हॅंगरवरून उतरवला. त्या आवाजासरशी किम्बर्ली उठली. खुर्चीवरच्या निळ्या फ्रॉकला वळसा घालून आतल्या खोलीत गेली, पलंगाच्या काठावर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि औषधासाठी तोंड उघडलं.

"नको गं," जॅकलिन म्हणाली. "आज आपण दोघी जाणार. चल, ऊठ."

किम्बर्ली तशीच बसून राहिली. तिला ओढून पाहिलं, फ्रॉक दाखवला, गालाला गाल लावला. ती उठेना आणि तोंड मिटेना. सहा वाजून गेले. सव्वासहा झाले. वाचनाला माणूस नसेल तर क्लॅरिसची धांदल होईल, बॅप्टिस्टकाका मागे वळून वळून बघतील. जॅकलिनने एकदा फ्रॉककडे पाहिलं, एकदा त्या उघड्या तोंडाकडे. मग शेल्फवरून बाटली काढली, बूच भरलं आणि पोरीच्या जिभेवर ओतलं.

सातला ती वाचायला उभी राहिली. एकही शब्द अडला नाही. खाली आली तेव्हा क्लॅरिस बाकावर सरकली आणि तिने जॅकलिनला आपल्या शेजारी जागा करून दिली.